सर्व्हिस, टेनिसमधील

टेनिस या खेळात प्रत्येक गुणाच्या खेळीचा प्रारंभ ज्या फटक्याने होतो, त्यास ‘सर्व्हिस’ अशी संज्ञा आहे. हा फटका मारणाऱ्या खेळाडूस ‘सर्व्हर’ व तो परतविणाऱ्या खेळाडूस ‘रिसीव्हर’ म्हणतात. टेनिसमधील इतर सर्व फटके प्रतिस्पर्ध्याकडून आलेल्या चेंडूवर अवलंबून असतात. चेंडू कोठे, किती वेगाने व कोणत्या फिरकीसह येणार, हे समोरचा खेळाडू ठरवितो. सर्व्हिस हा एकच फटका असा आहे, की ज्यात चेंडू खेळाडूच्या स्वतःच्या हातात असतो आणि फटक्याचा क्षण, जागा, वेग व दिशा यांची निवड सर्वस्वी त्याच्याकडे असते. कुस्तीत हस्तांदोलनानंतर दोन्ही मल्लांना पहिल्या डावाची सारखीच संधी असते. टेनिसमध्ये ती आळीपाळीने एकेकाकडे येते. या दृष्टीने सर्व्हिसचे साम्य कुस्तीपेक्षा कबड्डीतील चढाईशी अधिक आहे. मात्र कबड्डीत चढाई करणारा गडी एकटा व धोक्यात असतो, तर टेनिसमध्ये सर्व्हिस करणाऱ्याचीच बाजू बहुधा वरचढ असते. हे वरचढपण कितपत असावे, हा या खेळाच्या नियमांपुढील प्रारंभापासूनचा प्रश्न आहे. सर्व्हिस फार दुबळी ठरली, तर खेळाला धार राहत नाही. ती फार प्रबळ झाली, तर खेळीच उरत नाही. व्यावसायिक टेनिसच्या नियमांत वेळोवेळी झालेले कित्येक बदल या दोन टोकांमधील समतोल राखण्याच्या प्रयत्नांतून झालेले आहेत.

नियम : एकेरी सामन्याचे क्रीडांगण २३·७७ मी. लांब व ८·२३ मी. रुंद असते. त्याच्या मध्यावर जाळे बांधलेले असून त्याची उंची मध्यभागी ०·९१४ मी. असते. जाळ्यापासून ६·४० मी. अंतरावर दोन्ही बाजूंस सर्व्हिस-रेषा आखलेली असते व मध्यरेषेमुळे प्रत्येक बाजूस उजवे आणि डावे अशी दोन सर्व्हिस-क्षेत्रे तयार होतात. सर्व्हरने अंत्यरेषेच्या मागे उभे राहून, चेंडू हाताने हवेत उडवून तो जमिनीस लागण्यापूर्वी रॅकेटने मारावा लागतो आणि तो जाळ्यावरून जाऊन तिरप्या समोरच्या सर्व्हिस-क्षेत्रात पडावा लागतो. गेममधील पहिली सर्व्हिस उजव्या बाजूने व त्यानंतरची डाव्या बाजूने, याप्रमाणे बाजू बदलत जातात. प्रत्येक गुणासाठी सर्व्हरला दोन संधी मिळतात. पहिली सर्व्हिस चुकल्यास दुसरी करता येते. तीही चुकल्यास ‘दुहेरी चूक’ होऊन गुण प्रतिपक्षास मिळतो. चेंडू जाळ्याच्या वरच्या कडेस लागून योग्य क्षेत्रात पडल्यास त्यास ‘लेट’ म्हणतात व ती सर्व्हिस पुन्हा केली जाते. चेंडू मारण्यापूर्वी सर्व्हरच्या पायाचा अंत्यरेषेस स्पर्श झाल्यास ती चूक धरली जाते. रिसीव्हरला सर्व्हिसचा चेंडू जमिनीवर टप्पा पडण्यापूर्वी मारता येत नाही. जी सर्व्हिस रिसीव्हरच्या रॅकेटला स्पर्शही न होता गुण मिळवून देते, तिला ‘बिनतोड सर्व्हिस’ म्हणतात. एका गेममध्ये एकच खेळाडू सर्व्हिस करतो व पुढील गेममध्ये ती प्रतिस्पर्ध्याकडे जाते. प्रतिस्पर्ध्याच्या सर्व्हिसवरील गेम जिंकणे याला ‘सर्व्हिसभेद’ अशी संज्ञा मराठी क्रीडालेखनात रूढ आहे.

ऐतिहासिक आढावा : ‘सर्व्हिस’ या इंग्रजी शब्दाचा मूळ अर्थ सेवा असा आहे. पंगतीत पानावर पदार्थ वाढावा, त्याप्रमाणे चेंडू प्रतिपक्षाकडे पोहोचता करून खेळ सुरू करणे, एवढाच या फटक्याचा प्रारंभीचा हेतू होता. मेजर वॉल्टर विंगफील्ड याने १८७४ मध्ये लॉन टेनिसचे एकस्व घेतले. त्यानंतर १८७७ मध्ये विंबल्डन येथे पहिली स्पर्धा भरली. त्या काळी चेंडू खांद्याच्या उंचीवरून किंवा त्याहूनही खालून बेताच्या जोराने मारीत. तरीही त्या स्पर्धेत खेळल्या गेलेल्या ६०१ गेमपैकी ३७६ गेम, म्हणजे सु. ६३ टक्के, सर्व्हरने जिंकल्याचे स्पर्धेचा पंच हेन्री जोन्स याने केलेल्या मोजणीत दिसून आले. हे प्रमाण संयोजकांना अधिक वाटले. त्यामुळे पुढच्याच वर्षी जाळ्यापासून सर्व्हिस-रेषेपर्यंतचे अंतर २६ फुटांवरून २२ फुटांवर व १८८० मध्ये २१ फुटांवर (६·४० मी.) आणण्यात आले. हे अंतर आजही कायम आहे. सर्व्हिसचे सामर्थ्य मोजून त्यानुसार नियम बदलण्याची प्रथा अशा रीतीने पहिल्या स्पर्धेपासूनच सुरू झाली.

पुढील काळात डोक्यावरून सर्व्हिस करण्याची पद्धत सर्वत्र रूढ झाली. १९०० मध्ये डेव्हिस चषकाच्या पहिल्या लढतीत ड्वाइट डेव्हिस व होल्कम वॉर्ड या अमेरिकन खेळाडूंनी टप्पा पडल्यावर अनपेक्षित दिशेला उसळणारी फिरकीची सर्व्हिस वापरून ब्रिटिश खेळाडूंना चकित केले. दुसऱ्या महायुद्धानंतर जॅक क्रेमर याने जोरदार सर्व्हिस करून तत्काळ जाळ्याजवळ धावून जायचे व प्रतिपक्षाचा परतीचा चेंडू टप्पा पडण्यापूर्वीच मारायचा, या डावपेचास शास्त्रशुद्ध रूप दिले. पांचो गोन्झालेस याने तो अधिक प्रभावी केला. त्या काळातील व्यावसायिक खेळाडूंच्या दौऱ्यांत सर्व्हिसचे वर्चस्व इतके वाढले, की सर्व्हरला लगेच जाळ्याजवळ येण्यास मज्जाव करणारे नियम प्रयोग म्हणून लावून पाहण्यात आले. पण ते टिकले नाहीत. सर्व्हिस करताना एक पाय जमिनीवर टेकलेला असावा, हे पूर्वीचे बंधन १९६० च्या सुमारास रद्द झाले आणि उडी घेऊन चेंडू मारणे शक्य झाले. १९६८ पासून हौशी व व्यावसायिक खेळाडूंना एकाच स्पर्धेत खेळण्याची मुभा मिळाली. नंतर लाकडी रॅकेटची जागा प्रथम धातूच्या व पुढे ग्रॅफाइटच्या हलक्या, ताठ रॅकेटनी घेतली. परिणामी सर्व्हिसचा वेग व तिच्यावरील नियंत्रण ही दोन्ही वाढली.

यांत्रिकी : चांगल्या सर्व्हिसचा जोर केवळ हातातून येत नाही. वाकलेले गुडघे सरळ होताना जमिनीकडून मिळणारा रेटा कंबरेकडे, तेथून धडाच्या पिळाद्वारे खांद्याकडे व शेवटी कोपर, बाहू आणि मनगट यांच्याकडे क्रमाने जातो. या साखळीतील प्रत्येक भाग आधीच्या भागाहून अधिक वेगाने फिरतो आणि अखेरीस रॅकेटचे टोक सर्वाधिक वेग घेते. चेंडू एकसारख्या उंचीवर व एकाच जागी उडविणे ही या क्रियेची पहिली अट होय. उडविण्यात थोडा फरक पडला, तरी पुढील सारा क्रम बिघडतो.

खेळाडूच्या उंचीचे महत्त्व साध्या भूमितीने स्पष्ट होते. अंत्यरेषेपासून जाळे ११·८८५ मी. व समोरची सर्व्हिस-रेषा १८·२८५ मी. अंतरावर असते. चेंडू सरळ रेषेत जातो असे मानल्यास, जाळ्याच्या मध्यावरून जाऊन सर्व्हिस-रेषेच्या आत पडण्यासाठी तो निदान २·६ मी. उंचीवरून मारला गेला पाहिजे. सव्वा दोन ते अडीच मीटर उंचीवरून मारलेल्या चेंडूला म्हणूनच गुरुत्वाकर्षणाची किंवा फिरकीची मदत घेऊन खाली वळावे लागते. चेंडू २·७५ मी. उंचीवर मारल्यास सरळ रेषेतील मार्गाला जाळ्यावर सु. ५ सेंमी. इतकीच मोकळी जागा मिळते. तोच ३·२० मी. उंचीवर मारल्यास ही जागा सु. २० सेंमी. होते. उंच खेळाडूला वेगात कपात न करता चुका टाळता येतात, त्याचे कारण हे आहे. व्यावसायिक टेनिसमध्ये सर्वाधिक बिनतोड सर्व्हिसची नोंद असलेले दोन पुरुष खेळाडू अमेरिकेचा जॉन इस्नर (१४,४७०) व क्रोएशियाचा इव्हो कार्लोव्हिच (१३,७२८) हे अनुक्रमे २०८ सेंमी. व २११ सेंमी. उंच आहेत. इस्नर याने २०१६ मध्ये डेव्हिस चषकाच्या लढतीत ताशी २५३ किमी. वेगाची सर्व्हिस केली. ताशी २०० किमी. वेगाने सुटलेला चेंडू हवेच्या अवरोधामुळे व टप्प्यामुळे मंदावला, तरी अर्ध्या सेकंदाहून थोड्याच अधिक काळात रिसीव्हरपर्यंत येतो. एवढ्या वेळात चेंडू पाहून, निर्णय घेऊन, पाऊल टाकून रॅकेट फिरविणे अत्यंत अवघड असते. म्हणून निष्णात रिसीव्हर चेंडूपेक्षा सर्व्हरच्या हालचालींवर, विशेषतः चेंडू उडविण्याच्या पद्धतीवर, लक्ष ठेवून दिशेचा आधीच अंदाज बांधतो.

प्रकार : सर्व्हिसचे सामान्यतः तीन प्रकार मानले जातात. सपाट सर्व्हिसमध्ये फिरकी अगदी कमी व वेग सर्वाधिक असतो. स्लाइस सर्व्हिसमध्ये चेंडूच्या बाजूवर रॅकेट घासून नेली जाते. त्यामुळे चेंडू हवेत एका बाजूस वळतो व टप्प्यानंतर खाली राहून रिसीव्हरला क्रीडांगणाबाहेर खेचतो. किक किंवा ट्विस्ट सर्व्हिसमध्ये रॅकेट चेंडूवर खालून वर व एका बाजूस फिरते. चेंडूला पुढच्या दिशेने फिरकी मिळून तो जाळ्यावरून उंच जातो, एकदम खाली वळतो व टप्प्यानंतर खांद्याइतका उसळतो. फिरत्या चेंडूच्या दोन बाजूंस हवेचा प्रवाह असमान रीतीने वळविला जाऊन चेंडूवर बल निर्माण होते. या घटनेस ‘मॅग्नस परिणाम’ म्हणतात. डावखुऱ्या खेळाडूची स्लाइस सर्व्हिस डाव्या क्षेत्रात उजवखोऱ्या रिसीव्हरच्या बॅकहँड बाजूस दूर वळते. ४०-३० किंवा ‘ॲडव्हान्टेज’ यांसारखे निर्णायक गुण नेमके याच क्षेत्रात खेळले जात असल्याने डावखुऱ्यांना त्याचा विशेष लाभ होतो. खालून हलकेच केलेली सर्व्हिसही नियमबाह्य नाही. १९८९ च्या फ्रेंच स्पर्धेत पायात गोळे आलेल्या सतरा वर्षांच्या मायकेल चँग याने इव्हान लेंडलविरुद्ध अशी सर्व्हिस करून गुण मिळविला व पुढे तो सामना, तसेच ती स्पर्धाही जिंकली.

दुसरी सर्व्हिस : पहिली सर्व्हिस धाडसाने व दुसरी सावधपणे करावी, ही रूढ पद्धत केवळ सवयीवर आधारलेली नाही. समजा, एखाद्या खेळाडूच्या धाडसी सर्व्हिसपैकी ६० टक्के योग्य क्षेत्रात पडतात व पडलेल्यांपैकी ७५ टक्के गुण तो जिंकतो. त्याच्या सावध सर्व्हिसपैकी ९० टक्के योग्य पडतात, पण त्यांपैकी ५५ टक्केच गुण त्याला मिळतात. प्रथम धाडसी व नंतर सावध सर्व्हिस केल्यास तो शंभरापैकी सु. ६५ गुण जिंकेल. दोन्ही वेळा धाडसी केल्यास ६३ आणि दोन्ही वेळा सावध केल्यास केवळ ५४ गुण जिंकेल. यावरून दोन गोष्टी लक्षात येतात. पहिली अशी, की दुसऱ्या संधीमुळेच पहिलीत धाडस परवडते. दुसरी अशी, की पहिल्या सर्व्हिसचा गाजावाजा अधिक होत असला, तरी खेळाडूचा खरा कस दुसऱ्या सर्व्हिसमध्ये लागतो. विंबल्डनचे एकेरीचे विजेतेपद सात वेळा मिळविणाऱ्या पीट सँप्रास याच्या यशात त्याच्या दुसऱ्या सर्व्हिसचा वाटा फार मोठा होता. याउलट, रशियाची एलेना डेमेंटिएव्हा हिला दुहेरी चुकांनी वारंवार ग्रासले. तिने २००४ मध्ये फ्रेंच व अमेरिकन या दोन्ही स्पर्धांची अंतिम फेरी गाठली व २००८ मध्ये ऑलिंपिक सुवर्णपदकही मिळविले. परंतु प्रमुख चार स्पर्धांपैकी एकही तिला जिंकता आली नाही.

गुणपद्धती आणि सर्व्हिस : टेनिसच्या गुणपद्धतीत लहानशा वरचढपणाचे रूपांतर मोठ्या वरचढपणात होते. सर्व्हर प्रत्येक गुण जिंकण्याची शक्यता ५५ टक्के असेल, तर तो गेम जिंकण्याची शक्यता सु. ६२ टक्के येते. गुणाची शक्यता ६० टक्के असल्यास गेमची ७४, ६५ असल्यास ८३ आणि ७० असल्यास ९० टक्के होते. पहिल्या विंबल्डन स्पर्धेतील ६३ टक्के गेम म्हणजे गुणागणिक सु. ५५ टक्क्यांचेच वर्चस्व होते. शंभरापैकी सत्तर गुण जिंकणाऱ्या आजच्या बलाढ्य सर्व्हरविरुद्ध मात्र दहा गेममध्ये सरासरीने एकच सर्व्हिसभेद संभवतो. असे दोन खेळाडू समोरासमोर आले, म्हणजे सेट संपण्याचे चिन्ह दिसत नाही. १९६९ मध्ये विंबल्डन येथे गोन्झालेस व चार्ली पासारेल यांच्यातील सामन्यात ११२ गेम खेळावे लागले. त्यातील पहिलाच सेट २२-२४ असा होता.

या अडचणीवर उपाय म्हणून जिमी व्हॅन ॲलन याने ‘टायब्रेक’ची कल्पना पुढे आणली. अमेरिकन खुल्या स्पर्धेने ती १९७० मध्ये व विंबल्डनने १९७१ मध्ये स्वीकारली. आज प्रचलित असलेल्या पद्धतीत ६-६ अशी बरोबरी झाल्यावर दोन्ही खेळाडू आळीपाळीने सर्व्हिस करतात आणि दोन गुणांच्या आघाडीसह प्रथम सात गुण मिळविणारा सेट जिंकतो. टायब्रेकमुळे सर्व्हिसचे महत्त्व कमी झाले, असे मात्र नाही. तिच्यावरील ताण वाढला. संपूर्ण सेटमध्ये सर्व्हिस न गमावणारा खेळाडूही टायब्रेकमधील एखाद्या चुकीने सेट गमावू शकतो. १९९१ च्या विंबल्डन उपांत्य सामन्यात स्टेफान एडबर्ग याने आपल्या सर्व्हिसवरील एकही गेम गमावला नाही. तरीही मिखाएल श्टिच याने तीन टायब्रेक जिंकून त्याला ४-६, ७-६, ७-६, ७-६ असे हरविले.

निर्णायक पाचव्या सेटमध्ये टायब्रेक नसल्याचे परिणाम पुढे दिसून आले. २००९ च्या विंबल्डन अंतिम सामन्यात अँडी रॉडिक याने आपल्या सर्व्हिसवरील पहिले ३७ गेम राखले. सामन्यातील ७७ व्या गेममध्ये त्याची सर्व्हिस एकदाच भेदली गेली व रॉजर फेडरर पाचवा सेट १६-१४ असा जिंकून विजेता ठरला. २०१० मध्ये इस्नर व फ्रान्सचा निकोला माहू यांचा सामना तीन दिवस, एकूण ११ तास ५ मिनिटे चालला आणि पाचवा सेट ७०-६८ असा संपला. २०१८ मध्ये दक्षिण आफ्रिकेचा केव्हिन अँडरसन याने उपांत्य सामन्यात इस्नर याला पाचव्या सेटमध्ये २६-२४ असे हरविण्यास ६ तास ३६ मिनिटे लागली. त्यानंतर २०१९ मध्ये विंबल्डनने शेवटच्या सेटमध्ये १२-१२ नंतर टायब्रेक ठेवला व २०२२ पासून चारही प्रमुख स्पर्धांत शेवटच्या सेटमध्ये ६-६ नंतर दहा गुणांचा टायब्रेक लागू झाला.

क्रीडांगणाच्या पृष्ठभागातही बदल झाले. विंबल्डन येथील हिरवळीवर चेंडू खाली व वेगाने सरकत असल्याने सर्व्हिसला फार अनुकूलता मिळे. २००१ मध्ये तेथे केवळ राय जातीचे गवत वापरण्यास प्रारंभ झाला. त्यामुळे मैदान अधिक टणक होऊन टप्पा उंच येऊ लागला. २००२ चा पुरुषांचा अंतिम सामना लेटन ह्यूइट व दाव्हिद नालबांदियान या अंत्यरेषेवरून खेळणाऱ्या दोन खेळाडूंमध्ये झाला. लाल मातीच्या क्रीडांगणावर चेंडू मुळातच मंदावतो व उंच उसळतो. त्यामुळे तेथे सर्व्हिसचा प्रभाव सर्वांत कमी असतो.

पुणे येथील स्पर्धा : सर्व्हिसच्या सामर्थ्याचे व मर्यादेचे उदाहरण महाराष्ट्रातील प्रेक्षकांना प्रत्यक्ष पाहावयास मिळाले. १९९७ ते २०१७ या काळात चेन्नई येथे होत असलेली पुरुषांची व्यावसायिक स्पर्धा २०१८ मध्ये पुण्याजवळ बालेवाडी येथील श्री शिवछत्रपती क्रीडानगरीत आली व २०२१ चा अपवाद वगळता २०२३ पर्यंत ‘महाराष्ट्र खुली स्पर्धा’ म्हणून तेथे भरली. पुणे समुद्रसपाटीपासून सु. ५६० मी. उंचीवर आहे. उंचीवर हवा विरळ असल्याने चेंडूला होणारा अवरोध किनाऱ्यावरील शहरांच्या तुलनेने किंचित कमी असतो व वेगवान सर्व्हिसला त्याची थोडी मदत होते.

जानेवारी २०१८ मधील पहिल्या अंतिम सामन्यात २०३ सेंमी. उंचीचा अँडरसन व फ्रान्सचा झिल सिमाँ हे प्रतिस्पर्धी होते. सिमाँ उंचीने सामान्य व सर्व्हिसच्या जोरासाठी कधीच प्रसिद्ध नव्हता. परतीचे अचूक फटके, चपळ पदन्यास व प्रतिस्पर्ध्याच्या वेगाचाच वापर करून घेण्याचे कसब, ही त्याची शक्तिस्थाने होती. उपांत्य सामन्यात त्याने क्रोएशियाचा मारिन चिलिच या दुसऱ्या बलाढ्य सर्व्हरला पहिला सेट १-६ असा गमावूनही हरविले होते. अंतिम सामना त्याने ७-६ (७-४), ६-२ असा जिंकला. पहिला सेट टायब्रेकपर्यंत रोखून धरला, म्हणजे सर्व्हरवर मानसिक दडपण येते व दुसऱ्या सेटमध्ये त्याची सर्व्हिस भेदता येते, हे या सामन्यात दिसून आले.

पुढच्या वर्षीचा अंतिम सामना याच्या अगदी उलट प्रकारचा झाला. अँडरसनसमोर या वेळी कार्लोव्हिच होता. कार्लोव्हिच तेव्हा ३९ वर्षांचा असून, १९७७ मध्ये केन रोझवॉल याने गाठलेल्या अंतिम फेरीनंतर या दर्जाच्या स्पर्धेत इतक्या वयाचा खेळाडू अंतिम फेरीत प्रथमच आला होता. धावपळीवर आधारलेल्या खेळात चाळिशीच्या उंबरठ्यावर टिकून राहणे दुर्मिळ. त्याला ते शक्य झाले, याचे श्रेय प्रामुख्याने त्याच्या सर्व्हिसकडे जाते. तिन्ही सेटचा निकाल टायब्रेकने लागला व अँडरसन ७-६ (७-४), ६-७ (२-७), ७-६ (७-५) असा विजयी झाला. तीन टायब्रेकमधील एकूण ३२ गुणांपैकी प्रत्येकाने नेमके १६ गुण जिंकले होते. दोन प्रबळ सर्व्हर एकत्र आले, म्हणजे विजय व पराजय यांतील अंतर किती अल्प उरते, याचे याहून स्पष्ट गणित मिळणे कठीण. प्रेक्षकांच्या दृष्टीनेही या दोन सामन्यांचा स्वभाव भिन्न होता : पहिल्यात लांबलेल्या खेळीचा आनंद होता, तर दुसऱ्यात प्रत्येक गुणामागील उत्कंठा होती.

परतीचा खेळ आणि भारतीय परंपरा : सर्व्हिसचे वर्चस्व वाढत गेले, तसतशी तिला उत्तर देण्याची कलाही विकसित झाली. जिमी कॉनर्स, आंद्रे आगासी व नोव्हाक जोकोव्हिच यांनी परतीच्या फटक्याला आक्रमणाचे साधन बनविले. २०१९ च्या विंबल्डन अंतिम सामन्यात पाचव्या सेटमध्ये फेडरर ८-७ अशा आघाडीवर सर्व्हिस करीत असताना ४०-१५ असा पुढे होता. विजयासाठी त्याला एकच गुण हवा होता. जोकोव्हिचने दोन्ही गुण वाचविले, सर्व्हिस भेदली व अखेरीस टायब्रेकमध्ये विजेतेपद मिळविले.

भारतीय टेनिसमध्ये सौम्य सर्व्हिस व कुशल फटके यांची एक परंपरा दिसते. रामनाथन कृष्णन याने १९६० व १९६१ या लागोपाठच्या वर्षी विंबल्डनची उपांत्य फेरी गाठली. त्याची सर्व्हिस सौम्य होती; स्पर्शाची नजाकत, अचूक दिशा व प्रतिस्पर्ध्याच्या मनाचा अंदाज यांवर त्याचा खेळ उभा होता. १९६० मध्ये त्याला हरविणारा नील फ्रेझर हा डावखुऱ्या, फिरकीच्या सर्व्हिससाठी ख्यातनाम होता व त्या वर्षीचा विजेताही तोच ठरला. कृष्णनचा मुलगा रमेश यानेही याच शैलीने विंबल्डन (१९८६) व अमेरिकन (१९८१, १९८७) स्पर्धांची उपांत्यपूर्व फेरी गाठली. या पितापुत्रांच्या कारकिर्दीतून सौम्य सर्व्हिस असूनही किती दूर जाता येते, हे जसे कळते, तसेच शेवटच्या पायऱ्यांवर तिची उणीव कशी भासते, हेही कळते.

दुहेरी व महिलांचे टेनिस : दुहेरीत सर्व्हरचा जोडीदार जाळ्याजवळ उभा असल्याने सर्व्हिस केवळ गुण मिळविण्यासाठी नसून जोडीदारास सोपा चेंडू मिळवून देण्यासाठीही असते. म्हणून येथे निव्वळ वेगापेक्षा दिशा व जोडीदाराशी आधी ठरविलेला संकेत यांना महत्त्व येते. भारताचा रोहन बोपण्णा हा जोरदार सर्व्हिससाठी ओळखला गेला. पुण्यातील स्पर्धेत त्याने २०१९ मध्ये दिविज शरण व २०२२ मध्ये रामकुमार रामनाथन यांच्यासह विजेतेपद मिळविले. २०२४ मध्ये वयाच्या ४३ व्या वर्षी त्याने मॅथ्यू एब्डन याच्यासह ऑस्ट्रेलियन स्पर्धाही जिंकली. मिश्र दुहेरीत चारही खेळाडू क्रमाने सर्व्हिस करीत असल्याने संघातील दोघांनीही आपापला गेम राखणे आवश्यक ठरते. हांगजो येथे २०२३ मध्ये झालेल्या आशियाई क्रीडास्पर्धांत बोपण्णा व महाराष्ट्राची ऋतुजा भोसले यांनी पहिला सेट २-६ असा गमावल्यावर पुढील सेट ६-३ व निर्णायक टायब्रेक १०-४ असा जिंकून सुवर्णपदक मिळविले.

महिलांच्या व्यावसायिक सामन्यांत सर्व्हिसभेदाचे प्रमाण पुरुषांपेक्षा अधिक असते. त्यामुळे आघाडी वारंवार पालटते व परतीच्या फटक्याला अधिक वाव मिळतो. तथापि तेथेही प्रबळ सर्व्हिस हे मोठेच शस्त्र ठरते. सेरेना विल्यम्स हिने २०१२ च्या विंबल्डनमध्ये सात सामन्यांत १०२ बिनतोड सर्व्हिस करून विजेतेपद मिळविले. तिची चेंडू उडविण्याची पद्धत सर्व प्रकारच्या सर्व्हिससाठी एकसारखी असल्याने दिशेचा अंदाज येणे कठीण जाई.

प्रशिक्षण व शारीरिक ताण : सर्व्हिस हा एकट्याने सराव करता येण्याजोगा एकमेव फटका आहे. चेंडूंची टोपली व मोकळे क्रीडांगण एवढ्या साधनांवर त्यात प्रगती करता येते. लहान गावातील खेळाडूच्या दृष्टीने ही महत्त्वाची सोय होय. तथापि त्याच कारणाने सरावाचा अतिरेकही सहज होतो. हात डोक्यावर नेऊन वारंवार जोर लावल्याने खांद्याचे स्नायू, पोटाच्या बाजूचे स्नायू व पाठीचा खालचा भाग यांवर मोठा ताण येतो. वाढीच्या वयातील मुलांनी वेगाच्या मागे न लागता प्रथम चेंडू उडविणे, शरीराचा समतोल व फिरकीची दुसरी सर्व्हिस यांवर भर द्यावा, असे प्रशिक्षक सांगतात. उंची ही निसर्गदत्त असते; परंतु अचूकता, विविधता व दडपणाखाली तीच क्रिया न बदलता करण्याची सवय ही सरावाने साध्य होतात.

सर्व्हिसने सामना हातचा जाऊ न देता येतो. पण तेवढ्याने तो जिंकता येतोच, असे नाही. आपली सर्व्हिस राखणारा खेळाडू पराभव टायब्रेकपर्यंत लांबवितो, तर विजयासाठी केव्हातरी प्रतिस्पर्ध्याची सर्व्हिस परतवावीच लागते. १८७७ मध्ये शंभरापैकी त्रेसष्ट गेम सर्व्हरकडे जातात हे पाहून नियमकर्ते अस्वस्थ झाले होते. त्यानंतर सर्व्हिस-रेषा, टायब्रेक, गवत व शेवटचा सेट यांत झालेल्या बदलांमागे तीच अस्वस्थता आढळते. सर्व्हरला पहिल्या फटक्याचा हक्क असावा, पण रिसीव्हरला उत्तराची संधी नाकारली जाऊ नये, या तत्त्वावर व्यावसायिक टेनिसची रंगत अवलंबून आहे.